चार मिनिटे सतरा सेकंद

गेल्या महिन्यात एका रात्री मी माझ्या ऐकण्याच्या वहीत एक ओळ लिहिली : ‘४.१७ – गायिकेने श्वास घेतल्यावर लगेच, तार छेडली जाण्याआधी, तारेवर बोट टेकल्याचा बारीक आवाज. आजवर हा कधीच ऐकला नव्हता.’ ज्या ध्वनिमुद्रणाविषयी ही ओळ आहे ते मी वीस-बावीस वर्षे ऐकत आलो आहे. संथ आलापी, मागे दोन तानपुरे, तबला बराच उशिरा येतो. त्यातल्या जागा मला तोंडपाठ आहेत. कोणत्या षड्जावर आवाज किंचित थरथरतो आणि कोणत्या मींडेच्या शेवटी गायिका मायक्रोफोनपासून जराशी दूर जाते, हेही ठाऊक आहे. त्या रात्री नवे होते ते फक्त यंत्र. घर बदलण्याच्या गडबडीत असलेल्या एका मित्राने आपला उंची डॅक, म्हणजे ध्वनिमुद्रणातल्या आकड्यांचा विद्युतदाब करून देणारे यंत्र, दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आणून ठेवला होता, आणि माझ्या जुन्या डॅकच्या जागी मी तो जोडला होता.

दोन दिवसांनी मी अकरा वर्षांपूर्वीची वही काढली. जुना डॅक घरी आला तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याच्याविषयी काय लिहिले होते, ते नव्या नोंदींशी ताडून पाहावे, एवढाच हेतू होता. तिसऱ्या पानावर, निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात ओळ होती : ‘४.१७ – श्वासानंतर तारेवर बोट टेकल्याचा आवाज येतो. यापूर्वी कधी ऐकला नव्हता!’ उद्गारचिन्ह तेवढे अधिक होते.

दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघड्या ठेवून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

दोन्ही वेळी मी खरेच लिहिले होते, याविषयी मला शंका नाही. दोन्ही वेळी तो आवाज मला नवा वाटला होता, अंगावर हलका काटा आला होता, आणि दोन्ही वेळी त्याचे श्रेय मी निःसंकोचपणे समोरच्या यंत्राला दिले होते. पण जुन्या यंत्रावर तो आवाज अकरा वर्षांपूर्वी ऐकू आला असेल, तर नव्या यंत्राने तो ‘उघड केला’ असे म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. मधल्या काळात तो आवाज त्याच यंत्रातून, त्याच स्पीकरमधून, शेकडो वेळा माझ्या खोलीत आला असणार, आणि मी समोर बसलेला असूनही माझ्यापर्यंत पोहोचला नसणार. हा विचार मला स्वस्थ बसू देईना. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे मी ज्या पद्धतीने ही दोन यंत्रे ऐकली, त्या पद्धतीने आधी कधीच काही ऐकले नव्हते.

कॅसेटच्या खसखशीवर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाने पहिली सीडी ऐकली तेव्हा त्याला सर्वांत आधी ऐकू आली ती शांतता. गाणे सुरू होण्याआधीची ती काळी, स्वच्छ शांतता इतकी अनोळखी होती की यंत्र बंद पडले की काय, असे वाटून मी आवाजाची कळ फिरवली होती आणि पहिल्या सुराने दचकलो होतो. सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेली ती व्यवस्था १९८२ मध्ये बाजारात आली : सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. एका सुरालाही तेवढेच आकडे आणि सगळ्या वाद्यवृंदालाही तेवढेच. आकडे सगळीकडे सारखे असतील तर आवाजही सगळीकडे सारखाच असणार, असे तेव्हा अनेकांना वाटले होते. पण आकड्यांना आवाज नसतो. त्यांचा विद्युतदाब व्हावा लागतो, आणि ते करण्याच्या वाटा पहिल्याच वर्षी वेगळ्या झाल्या होत्या. सोनीच्या पहिल्या प्लेअरमध्ये १६ बिटांचा एकच कन्व्हर्टर डाव्या आणि उजव्या बाजूला आळीपाळीने पुरवला जात होता, त्यामुळे एक बाजू दुसरीच्या सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे राहत असे. फिलिप्सकडे तयार होता तो १४ बिटांचा कन्व्हर्टर; त्यांनी नमुन्यांचा वेग चौपट करून आणि उरलेली चूक ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीकडे ढकलून त्यातून १६ बिटांचे काम करून घेतले. ११ मायक्रोसेकंदांत ध्वनी हवेतून जेमतेम चार मिलिमीटर सरकतो. खुर्चीत बसलेल्या माणसाने मान किंचित कलती केली तर यापेक्षा कितीतरी जास्त अंतर पडते, हे माझ्या ध्यानात यायला मात्र पुढे बरीच वर्षे गेली.

मित्राचे यंत्र शिडीचे आहे. ऐकणाऱ्या मंडळींत त्याला आर-टू-आर म्हणतात, कारण त्यात दोनच किमतींचे रेझिस्टर असतात, एक दुसऱ्याच्या दुप्पट, आणि ते शिडीच्या पायऱ्यांसारखे एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येक बिटासाठी एक स्विच, प्रत्येक स्विचमागे एक पायरी. मित्राच्या परवानगीने मी वरचे झाकण काढून पाहिले. हिरव्या पाटीवर तांदळाच्या कण्यांएवढे शेकडो रेझिस्टर ओळीने बसवलेले होते, इतके सरळ की आधी विणकाम आठवले. तासभर चालल्यावर त्या पाटीवरून मंद ऊब येते आणि वार्निशसारखा हलका वास येतो. एका फाइलवरून नमुन्यांचा वेग वेगळा असलेल्या फाइलवर गेलो की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ‘टक्’ असा वाजतो आणि मग क्षणभर शांतता होते. ही ‘टक्’ मला फार आवडू लागली होती, हे कबूल केले पाहिजे. गाण्याआधी साज जुळवून झाल्यासारखी ती वाटे.

ही शिडी उभी करणे किती अवघड आहे, हे गणित मांडल्यावर कळते. १६ बिटांमधल्या सर्वांत वरच्या पायरीचे वजन सर्वांत खालच्या पायरीच्या ३२,७६८ पट असते. वरची पायरी ६५,५३६ भागांत एका भागाएवढी चुकली, तरी ती चूक खालच्या पायरीच्या निम्म्याएवढी होते. बाजारात अचूक म्हणून मिळणारा ०.०१ टक्के फरकाचा रेझिस्टर म्हणजे दहा हजारांत एक. म्हणून कुणी रेझिस्टर निवडून निवडून लावतो, कुणी लेझरने कोरून जुळवतो, कुणी त्यांच्या चुका मोजून संगणकाकरवी भरून काढतो. शिवाय साध्या शिडीत सर्वांत मोठी उलथापालथ नेमकी शून्यापाशी होते : एक आकडा पुढे सरकताना सगळे बिट एकदम पालटतात. तानपुऱ्याची आस विरत विरत जिथे संपते, आवाज जिथे सर्वांत नाजूक असतो, तिथेच शिडीला सर्वांत मोठे पाऊल टाकावे लागते. यावर तोड म्हणून धन आणि ऋण बाजूंना दोन वेगळ्या शिड्या वापरतात. मित्राच्या यंत्रातही तशाच आहेत.

माझे जुने यंत्र दुसऱ्या घराण्याचे, डेल्टा-सिग्मा. त्यात पायऱ्या अगदी थोड्या, पण वेग अफाट. मोजक्या पायऱ्यांवर प्रचंड वेगाने खालीवर करत राहायचे आणि त्या धावपळीतला गोंगाट कानाच्या आवाक्याबाहेर लोटून द्यायचा. आज बहुतेक यंत्रांत हेच असते, मग ते खिशातले असो की कपाटाएवढे. याखेरीज आपली स्वतंत्र वाट काढणारेही आहेत. डीसीएस या कंपनीच्या रिंग डॅकमध्ये सारख्याच किमतीचे रेझिस्टर सतत बदलून बदलून कामाला लावतात, म्हणजे कुणा एकाची चूक एकाच जागी साचत नाही. कॉर्ड या कंपनीसाठी रॉब वॉट्स यांनी तयार केलेल्या, नमुन्यांमधल्या जागा भरणाऱ्या एका फिल्टरमध्ये दहा लाखांहून अधिक गुणक आहेत. ही सगळी माणसे एकाच कोड्यापाशी बसली आहेत आणि प्रत्येकाने ते आपल्या स्वभावाप्रमाणे सोडवले आहे, ही गोष्ट मला मनापासून मोहवते. यंत्रांच्या आवाजात फरक पडो वा न पडो, त्या विचारांमधला फरक खरा आहे आणि तो समजून घेण्यात आनंद आहे.

वेळेचा प्रश्नही तसाच. २० किलोहर्ट्झचा पूर्ण ताकदीचा सूर १६ बिटांच्या अचूकतेने उभा करायचा असेल, तर डॅकमधल्या, प्रत्येक नमुन्याची वेळ ठरवणाऱ्या घड्याळाचा ठोका सुमारे १२० पिकोसेकंदांहून अधिक डळमळून चालत नाही. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेतीन सेंटिमीटरच जातो. आणि तरीही चांगल्या यंत्रांनी ही मर्यादा केव्हाच मागे टाकली आहे. २४ बिटांच्या बाबतीत तर निसर्गच आडवा येतो. दोन व्होल्टच्या आउटपुटमध्ये २४ बिटांची सर्वांत खालची पायरी एक तृतीयांश मायक्रोव्होल्टच्या आसपास येते. एक हजार ओहमचा साधा रेझिस्टर टेबलावर नुसता पडून असला, तरी खोलीच्या तापमानाला त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीमुळे ऐकण्याच्या पट्ट्यात अर्ध्या मायक्रोव्होल्टहून थोडा अधिक गोंगाट निर्माण होतो. शेवटची पायरी त्या गोंगाटात बुडालेली असते. यंत्र कितीही उंची असो, ही सीमा कुणाला ओलांडता येत नाही.

मग आम्ही ऐकणारे कशाबद्दल बोलत असतो?

माझ्या वह्यांमधले शब्द मी पुन्हा वाचून काढले. मोकळा, कोंदट, कोरडा, रसाळ, टोकदार, उबदार, दाणेदार, मऊ. ‘पडदा दूर झाल्यासारखे वाटले’ हे वाक्य सात ठिकाणी होते. एवढे पडदे होते तरी कुठे, असा प्रश्न ती सात वाक्ये सलग वाचताना पडला आणि मन खट्टू झाले. तानपुऱ्याविषयीच्या नोंदी त्यातल्या त्यात बऱ्या होत्या, कारण तिथे निदान काय ऐकायचे ते नेमके ठरलेले होते. जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथली घडण, नीट लागलेली असेल तर तार छेडल्यावर आधी मूळ स्वर येतो आणि मग त्याच्या पोटातून एकेक वरचा स्वर उमलत जातो, खर्जाच्या तारेतून गांधार स्पष्ट ऐकू येतो, आणि सगळे मिळून एक झिणझिणता पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याचा वरचा काठ कसा आहे, तो रेशमासारखा आहे की काचेसारखा, हे मी दर वेळी लिहिले होते. मित्राच्या यंत्राविषयी लिहिले होते : ‘काठ रेशमी. जुन्यावर तो जरा चमकतो.’ ही नोंद खरी की खोटी, एवढे तरी तपासता येण्यासारखे होते.

तुलना करायची म्हणजे आधी आवाजाची पातळी जुळवायची, हे मला वाचून ठाऊक होते. तरीही पहिल्या आठवड्यात मी ते केले नव्हते. दोन्ही यंत्रांची कळ कानाने ‘साधारण सारखी’ लावली होती. मल्टिमीटर लावून ४०० हर्ट्झचा सूर मोजला तेव्हा जुन्यातून २.० व्होल्ट येत होते आणि नव्यातून २.२. हा फरक ०.८३ डेसिबलचा. एवढ्या फरकाने आवाज ‘मोठा’ वाटत नाही. तो भरलेला वाटतो, जवळचा वाटतो, जिवंत वाटतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की आवाजाची पातळी बदलली की खालच्या आणि वरच्या सुरांचे कानाला जाणवणारे प्रमाणही बदलते. पहिल्या आठवड्यातल्या माझ्या नऊ नोंदींपैकी किती नोंदी या ०.८३ डेसिबलच्या होत्या, ते आता सांगता येणार नाही. मी त्या पानावर तिरकी रेघ मारली. मारताना वाईट वाटले, कारण त्या रात्री मला झालेला आनंद रेघ मारून जाण्यासारखा नव्हता.

पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवली, दोन्ही यंत्रे एका स्विचच्या डबीला जोडली आणि मुलीला मदतीला बोलावले. ती पडद्यामागे स्विचपाशी बसणार, दर वेळी नाणे उडवणार, छापा आला तर जुने, काटा आला तर नवे, आणि आपल्या कागदावर लिहून ठेवणार. मी तीच वीस सेकंदे पुन्हा पुन्हा ऐकणार, आधी दोन्ही यंत्रे नावानिशी आणि मग एक निनावी. बारीकसारीक छटांची आठवण कानात काही सेकंदांपलीकडे टिकत नाही, म्हणून अदलाबदल चटकन व्हायला हवी. अशा १६ फेऱ्या. सोळाच का, हे मुलीने विचारले तेव्हा मी तिला हिशेब करून दाखवला : नुसत्या अंदाजाने उत्तरे दिली तर १६ फेऱ्यांचे निकाल ६५,५३६ प्रकारे लागू शकतात, आणि त्यांपैकी केवळ २,५१७ प्रकारांत १२ किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येतात. म्हणजे नुसत्या अंदाजाने १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारांहूनही कमी. सांगता सांगताच माझ्या लक्षात आले की हा ६५,५३६ आकडा सीडीच्या पायऱ्यांचाच आहे. दोन्हीकडे दोनचा सोळावा घात, त्यामुळे त्यात आश्चर्य काही नाही, पण त्या संध्याकाळी मला ते फार सुंदर वाटले.

पहिल्या खेपेला माझी १४ उत्तरे बरोबर आली.

मला आनंद झाला तो लपवता येण्याजोगा नव्हता. काठ रेशमी आहे, तो मला ऐकू येतो, पडद्याआडूनही येतो. मुलगी कागद पाहत होती. तिने स्वतः ऐकून पाहायचे ठरवले आणि तिची १६ पैकी १६ उत्तरे बरोबर आली. ती म्हणाली, “बाबा, मी तानपुरा ऐकतच नव्हते. त्या गाणाऱ्या बाईंचा ‘स’ ऐक. नव्यात तो बोथट आहे.” तिला १७ किलोहर्ट्झपर्यंतचे ऐकू येते, मला १२ च्या पुढे काही नाही. ‘बोथट’ हा शब्द मला लागला. मी ज्याला रेशीम म्हणत होतो त्याला ती बोथट म्हणत होती, आणि आम्ही दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत होतो.

ती गोष्ट कोणती, ते त्या रात्री उशिरा कळले. मित्राच्या यंत्रावर एक बटण आहे. त्याच्या एका बाजूला ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे मधले नमुने भरून नमुन्यांचा वेग वाढवणे, दुसऱ्या बाजूला ते बंद. मित्र ते बंद ठेवूनच ऐकतो, आणि मीही तसेच ऐकत होतो. ओव्हरसॅम्पलिंग बंद असले की प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत जागच्या जागी धरून ठेवला जातो, आणि नुसत्या या धरून ठेवण्यामुळे वरचे सूर खाली झुकतात. सीडीच्या वेगाला १० किलोहर्ट्झवर पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झवर तीन डेसिबलहून थोडे अधिक. हे रेझिस्टरांमुळे होत नाही, घड्याळामुळे होत नाही, शुद्ध गणितामुळे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही बटण दाबून ओव्हरसॅम्पलिंग सुरू केले आणि पुन्हा १६ फेऱ्या घेतल्या. माझी नऊ उत्तरे बरोबर आली. नऊ किंवा अधिक म्हणजे नाणे उडवूनही शंभरात चाळीस वेळा येण्यासारखा निकाल. मग बटण पुन्हा बंद करून, वरच्या सुरांचा झोल संगणकात भरून काढला आणि तिसऱ्यांदा फेऱ्या घेतल्या. दहा बरोबर. शेकडो रेझिस्टरांची ती देखणी शिडी, तिची ऊब, तिचा वास, तिची ‘टक्’ हे सगळे जागेवर होते, आणि पडद्याआडून मला ती ओळखता येत नव्हती.

तिसऱ्या खेपेच्या मध्यावर मुलीने एक प्रश्न विचारला होता. नवव्या किंवा दहाव्या फेरीला मी डोळे मिटून बराच वेळ गप्प होतो, तेव्हा ती पडद्यामागून म्हणाली, “बाबा, तू आधी ऐकतोस की आधी ठरवतोस?” मी उत्तर दिले नाही, कारण त्या क्षणी मी नेमके तेच करत होतो. ‘हे नवे असावे’ असे मनात आले की त्या आवाजात मला रेशीम दिसू लागे, आणि ‘जुने असावे’ असे वाटले की चमक. तेच वीस सेकंद, तेच विद्युतदाब, आणि मनातला शब्द बदलताच बदलणारा पोत. हा बदल खोटा होता असे मला म्हणवत नाही. तो मला खरोखर ऐकू येत होता, फक्त तो तारेतून येत नव्हता.

या वाटेने आधी गेलेली माणसे आहेत. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सीडीहून उच्च दर्जाची ध्वनिमुद्रणे एकदा जशीच्या तशी आणि एकदा सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून काढून ऐकवली होती. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. पुढे २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा थोडासा पण खरा फरक ओळखता येतो, आणि ऐकणाऱ्याला आधी तयारी करून दिली असेल तर तो अधिक ओळखता येतो, असे दिसले. ही दोन्ही वाचने मला परस्परविरोधी वाटत नाहीत. माझ्या घरातल्या तीन कागदांवरही तेच लिहिलेले आहे : काही फरक असतात, ते लहान असतात, त्यांना कारण असते, आणि ते कारण बहुधा झाकणावर लिहिलेल्या कारणाहून वेगळे असते.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या नोबेओका येथील एकेएम या कंपनीच्या चिप-कारखान्याला आग लागली आणि डॅकच्या नावाजलेल्या चिप मिळेनाशा झाल्या. अनेक कंपन्यांनी आपली यंत्रे दुसऱ्या बनावटीच्या चिपवर पुन्हा बेतली. ज्यांनी आधी घेतले होते ते हळहळले नाहीत, उलट आपल्याकडे ‘आगीच्या आधीचे’ आहे म्हणून जपू लागले. तेव्हा मीही तसे एक यंत्र शोधत होतो, मोठ्या निष्ठेने. आज वाटते की त्या काळात चांगल्या अभियंत्याच्या हाती कोणती चिप पडली यापेक्षा तिच्यापुढचा फिल्टर, वीजपुरवठा आणि आउटपुटची रचना त्याने कशी केली, हे कितीतरी अधिक मोलाचे होते, आणि त्याविषयी आम्ही फार कमी बोललो.

यानंतर मी एक गोष्ट केली, जी कुणाला सांगितली नव्हती. जुन्या डॅकच्या आधी संगणकात वरच्या सुरांना तेवढाच झोल दिला, १० किलोहर्ट्झवर पाऊण डेसिबल. मोजून पाहिले, बरोबर होता. मग रात्री दिवा मालवून तेच ध्वनिमुद्रण लावले. काठ रेशमी झाला होता. गायिकेच्या ‘स’ ची धार गेली होती. मित्राच्या यंत्राचे जे जे मला आवडत होते ते ते समोर होते, आणि तरीही मी अस्वस्थ होतो. काहीतरी कमी होते आणि ते आवाजात नव्हते. ती जड, थंड कळ बोटांना हवी होती. रिलेची ‘टक्’ हवी होती. झाकणाआडच्या त्या ओळी तापत आहेत, ही जाणीव हवी होती. ज्या यंत्रासाठी आपण बैठक साफ करतो, फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि पाऊण तास हलत नाही, त्या यंत्रासमोर आपण जसे ऐकतो तसे संगणकातल्या चार आकड्यांसमोर ऐकत नाही. अकरा वर्षांपूर्वी, जुना डॅक नवा असताना, त्याच्यासमोरही मी तसाच बसलो होतो. म्हणूनच ४.१७ तेव्हाही ऐकू आला होता. पुढे ते यंत्र घरातले झाले, त्याच्यासमोर मी पत्रे वाचू लागलो, हिशेब करू लागलो, आणि बोट तारेवर टेकत राहिले.

मित्राचे यंत्र गेल्या रविवारी परत गेले. न्यायला तो स्वतः आला होता. मी त्याला तिन्ही कागद दाखवले. त्याने ते शांतपणे, नीट वाचले, झोलाचे गणित दोनदा विचारून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे बटण बंद ठेवणंच मला आवडतं, एवढं नक्की झालं.” मला त्याचे म्हणणे पटले. त्याला ते रेशीम हवे आहे, ते कुठून येते हे आता त्याला ठाऊक आहे, आणि ते त्याला एका अशा वस्तूतून मिळते जी कुणीतरी फार निगुतीने, रेझिस्टर निवडून निवडून तयार केली आहे. यात उणे कोणाचेच काही नाही. खोके बंद करताना मी झाकणावर हात ठेवला, तर ते अजून किंचित कोमट होते.

परवा रात्री जुन्या डॅकवर तेच ध्वनिमुद्रण लावले. संगणकातला झोल काढून टाकला होता. वही कपाटात होती, दिवा मंद होता, फोन दुसऱ्या खोलीत होता. पहिला षड्ज लागला, तो नेहमीच्या जागी किंचित थरथरला, दुसरा तानपुरा पहिल्याच्या अर्ध्या मात्रेने मागून येत राहिला, आणि गायिका मंद्र सप्तकात उतरून तिथल्या पंचमाभोवती घुटमळत राहिली. त्या पंचमाला ती एकदा खालून आली, एकदा वरून, मग त्याला न शिवताच परतली, आणि तसे परतणे मी आजवर नीट ऐकलेच नव्हते असे वाटले. तबला सुरू झाला तेव्हा मी घड्याळाकडे पाहिले. नऊ मिनिटे होऊन गेली होती. चार मिनिटे सतरा सेकंद केव्हाच मागे पडले होते, आणि तारेवर बोट टेकल्याचा आवाज आज आला होता की नाही, हे मला आठवेना. मागे जाऊन पाहावे असे क्षणभर मनात आले, पण तोवर सम आली होती.